लेखनापूर्वीचें टांचण व त्याची मांडणी

१. ऐतिहासिक साधनें जमविणारांची महाराष्ट्रांत वाण नाहीं. पोथ्या, मोडी रुमाल, सनदा, महजर, वंशावळी, नाणीं, शिलालेखांचे ठसे यांपैकीं कशाचा ना कशाचा संग्रह नाहीं असा तालुका विरळाच सांपडेल. आमच्या शहापूर-मुरबाडसारख्या डोंगराळ मुलखांतहि कोनाड्यांतून व माळ्यांवरून अद्यापि कागद निघतात. परंतु जमलेल्या साधनांच्या मानानें लिहून झालेले निबंध पाहूं गेल्यास प्रमाण फारच व्यस्त दिसतें. एखादा संग्राहक वारला कीं त्याच्या पेटींतून हजारों टिपणें निघतात. त्या टिपणांवरून त्यास काय सिद्ध करावयाचें होतें हें सांगणारा कागद मात्र एकहि निघत नाहीं. वारसांस तीं लागत नाहींत, आणि वर्षा-दोन वर्षांत तीं रद्दीच्या भावानें जातात. अस्सल कागद कसरीनें खाल्ला तर त्याची नक्कल कोठें तरी असण्याचा संभव असतो. चाळीस वर्षांच्या व्यासंगानें एका मनुष्याच्या मनांत जुळून आलेली संगति त्याच्याबरोबरच जाते. तिची नक्कल कोठेंच नसते.

याच्या अगदीं उलट दुसरा एक दोष आहे. कागद हातीं पडला कीं त्याच रात्रीं लेखणी उचलणारे उत्साही गृहस्थहि आपल्यांत आहेत. त्यांच्या निबंधांत विषयाचा क्रम नसून कागद सांपडण्याचा क्रम असतो. पहिल्या पृष्ठावर सनद, दुसऱ्यावर आख्यायिका, तिसऱ्यावर वंशावळ, आणि जिच्यासाठीं हा सर्व खटाटोप झाला ती मुख्य गोष्ट शेवटच्या टिपेंत. वाचकास ती टिपेंतून शोधून काढावी लागते व बहुधा तो ती शोधीत नाहीं. या दोन्ही दोषांचें मूळ एकच. संग्रह व लेखन यांच्यामध्यें तिसरी एक क्रिया आहे, तिची उपेक्षा. टांचणें करणें, तीं मांडणें, आणि मांडून झाल्यावर काय म्हणावयाचें तें ठरविणें, ही ती क्रिया होय. तिचें थोडें सोदाहरण विवेचन येथें योजिलें आहे.

२. ही क्रिया परकीयांकडून शिकण्याची आपणांस गरज नाहीं. आपल्या शास्त्रकारांनीं ग्रंथारंभीं विषय, प्रयोजन, संबंध व अधिकारी या चार गोष्टी सांगण्याचा दंडक घालून दिला. या अनुबंधचतुष्टयाकडे आपण आतां मंगलाचरणाच्या शेपटासारखें पाहतों. वस्तुतः तो लेखकानें स्वतःस विचारावयाचा प्रश्न आहे. मी कशाविषयीं लिहितों, कशाकरितां, माझ्या सामग्रीचा त्या विषयाशीं संबंध काय, आणि हें वाचणार कोण? या चारांचीं उत्तरें चार ओळींत देतां आलीं नाहींत तर लेखन सुरू करण्याची वेळ आलेली नाहीं, असें समजावें.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या पंधराव्या व शेवटच्या अधिकरणांत बत्तीस तंत्रयुक्ति सांगितल्या आहेत. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं हा ग्रंथ १९०९ मध्यें छापून प्रसिद्ध केल्यावर त्यांतील राजनीतीची चर्चा पुष्कळ झाली. या शेवटच्या अधिकरणाकडे मात्र त्या मानानें थोड्यांचें लक्ष गेलें. त्यांतील ‘विधान’ म्हणजे प्रकरणांची अनुक्रमानें केलेली मांडणी. स्वतः कौटिल्यानें ती पहिल्याच अध्यायांत, एकशें ऐंशी प्रकरणांची यादी देऊन, करून दाखविली आहे. ‘अपदेश’ म्हणजे अमुक अमुक असें म्हणतो, हा निर्देश. ‘ऊह्य’ म्हणजे शब्दानें न सांगितलेलें परंतु विचारानें काढावयाचें. ‘अतिक्रांतावेक्षण’ म्हणजे हें मागें सांगितलें आहे, आणि ‘अनागतावेक्षण’ म्हणजे हें पुढें येईल. संशोधकास यांहून अधिक हत्यारें क्वचितच लागतात. अपदेश व ऊह्य यांची गल्लत न होऊं देणें, एवढा एकच नियम पाळला तरी आपल्या निबंधांतील अर्धे वाद मिटतील.

राजशेखराच्या काव्यमीमांसेचा दहावा अध्याय या दृष्टीनें वाचण्यासारखा आहे. कवीच्या सान्निध्यांत सतत काय असावें याची तेथें यादीच दिली आहे: पेटी, फळा व खडू, लेखणी व दौत, ताडपत्रें किंवा भूर्जपत्रें, लोखंडी कंटक, आणि घासून गुळगुळीत केलेल्या भिंती! ज्यास सुचलेलें टिपण्यासाठीं भिंतहि तयार ठेवावीशी वाटली, त्यास सुचणें व रचणें यांतील अंतर नीट ठाऊक होतें. दिवसाचे चार भाग पाडून त्यानें एक अध्ययनास, एक रचनेस, एक काव्यगोष्ठीस व एक रचलेल्याच्या परीक्षणास दिला आहे. जमविणें, लिहिणें व तपासणें हीं एकाच बैठकींत उरकावयाचीं कामें नव्हत, हें हजार वर्षांपूर्वीं आपल्याकडे मान्य झालेलें होतें.

३. मराठी गद्याचा आरंभच अशा संग्रहांतून झाला आहे. श्रीचक्रधरांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनीं त्यांच्या लीळा जमविल्या, त्या एका बैठकींत आठवून लिहून काढल्या नाहींत. ज्यानें जी लीळा पाहिली किंवा ऐकिली त्याच्याकडून ती मिळवावी व नागदेवाचार्यांकडून ती पडताळून घ्यावी, असा क्रम होता. त्यानंतर त्यांची एकांक, पूर्वार्ध व उत्तरार्ध अशी मांडणी झाली. मूळ पोथी पुढें धाडींत नाहींशी झाली व पंथीयांनीं ती स्मरणानें पुन्हां सिद्ध केली, असें परंपरा सांगते. हें शक्य झालें तें प्रत्येक लीळा हा एक स्वतंत्र, सुटा व नांव असलेला घटक होता म्हणूनच. सलग लिहिलेल्या चरित्राचा असा पुनरुद्धार होणें कठीण.

याच सामग्रीवर केसोबासांनीं दुसरें काम केलें. लीळांत विखुरलेलीं श्रीचक्रधरांचीं वचनें निवडून त्यांनीं तीं विषयवार लाविलीं. त्यांतून सूत्रपाठ सिद्ध झाला. दृष्टांतपाठांत तर सूत्र, दृष्टांत व दार्ष्टांतिक अशी प्रत्येक घटकाची तीन अंगें ठरलेलीं आहेत. एकच सामग्री, म्हाइंभटांनीं ती प्रसंगाच्या क्रमानें मांडली, केसोबासांनीं सिद्धान्ताच्या क्रमानें. मांडणी बदलली तेव्हां ग्रंथ बदलला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

४. अलीकडच्या काळांतील तीन उदाहरणें पुरेशीं होतील. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम १९१९ मध्यें आरंभिलें. त्या कामांत प्रत्येक श्लोकास स्वतंत्र तक्ता असे. वर प्रचलित पाठ अक्षरशः लिहावयाचा व त्याखालीं एकेका पोथींतील भेद त्या त्या अक्षराखालीं मांडावयाचा. १९२५ मध्यें डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर प्रधान संपादक झाले. त्यांनीं पाठ ठरविण्यापूर्वीं पोथ्यांचीं कुळें ठरविलीं; शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी या एका बाजूस व तेलुगु, ग्रंथ, मलयाळम् या दुसऱ्या. कोणता पाठ बरा वाटतो हा प्रश्न मागाहून, कोणती पोथी कोणत्या घराण्यांतली हा आधीं. आदिपर्व १९३३ मध्यें पूर्ण झालें व सर्व पर्वें १९६६ मध्यें. सुखठणकर १९४३ मध्यें निवर्तले. तरीहि काम खुंटलें नाहीं, कारण तक्ते दुसऱ्यास वाचतां येण्यासारखे होते.

दुसरें उदाहरण डेक्कन कॉलेजच्या संस्कृत कोशाचें. डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनीं १९४८ मध्यें तें काम हातीं घेतलें. सुमारें दीड हजार ग्रंथांतून जवळजवळ एक कोटि चिठ्ठ्या झाल्या. प्रत्येकीवर एक शब्द, एक स्थळ व एक अर्थ. कोशाचा पहिला भाग बाहेर पडला तो १९७६ मध्यें. अठ्ठावीस वर्षें एकहि पृष्ठ न छापतां चिठ्ठ्या करीत राहणें ही थट्टा नव्हे. पण काळाच्या क्रमानें शब्दाचे अर्थ लावावयाचे तर शेवटची चिठ्ठी येईपर्यंत पहिल्या अर्थाविषयींहि निश्चयानें बोलतां येत नाहीं.

तिसरें उदाहरण एकट्यानें केलेल्या कामाचें आहे, आणि आपणांस तेंच अधिक जवळचें वाटावें. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनीं व्यवहारमयूखाची आवृत्ति तयार करतांना तिला जोडावयाचा म्हणून धर्मशास्त्राचा छोटा इतिहास योजिला होता. आवृत्ति १९२६ मध्यें निघाली, आणि तो इतिहास मात्र १९३० ते १९६२ या काळांत पांच खंडांत व सहा हजारांवर पृष्ठांत पूर्ण झाला. विषय वाढला तरी ग्रंथ कोसळला नाहीं, कारण आचार, व्यवहार, दान, श्राद्ध, तीर्थ, व्रत असे कप्पे आधीं पडलेले होते व नवी सामग्री आली कीं ती आपल्या कप्प्यांत जाऊन बसे.

५. आतां नियम सांगण्यापेक्षां एक नमुना मांडून दाखवितों. आटगांवाहून पश्चिमेस माहुलीचा डोंगर दिसतो. पळसगड, माहुली व भांडारगड असे तीन दुर्ग त्याच्या एकाच कण्यावर आहेत. या परिसरांत राहणाऱ्या कोणाहि अभ्यासकास माहुलीवर निबंध लिहावासा वाटणें साहजिक आहे. तो त्यानें कसा सिद्ध करावा?

प्रथम प्रश्न ठरवावा. ‘माहुलीचा इतिहास’ हा प्रश्न नव्हे, तें नुसतें नांव आहे. ‘१६३६ ते १६७० या चौतीस वर्षांत माहुली कोणाकोणाच्या हातीं गेली व कां’ हा प्रश्न होय. नांवाखालीं सर्वच टिपणें मावतात; प्रश्नाखालीं कांहीं मावतात व कांहीं बाहेर राहतात. जें बाहेर राहतें तें टाकूं नये, वेगळ्या लखोट्यांत ठेवावें. तें पुढल्या निबंधाचें बीज असतें.

मग टांचणें. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. चिठ्ठीच्या डाव्या कोपऱ्यांत विषय, उजव्या कोपऱ्यांत काळ, मध्यें मूळ वाक्य जसेंच्या तसें, खालीं आधार: कोणता संग्रह, कोणता रुमाल, कितवा बंद, पोथी असल्यास कितवें पत्र व कितवी ओळ. आपलें अनुमान पुढील अंगास लिहूं नये, पाठीमागें लिहावें. पुढील अंग अपदेशाचें, पाठीमागील ऊह्याचें. ठाणें जिल्ह्यांतलेंच उदाहरण घ्यावयाचें तर अंबरनाथच्या शिलालेखांतील शक भाऊ दाजींनीं प्रथम ७८२ असा वाचला. पुढें भगवानलाल इंद्रजींनीं तो ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असल्याचें दाखविलें. एका अंकाच्या वाचनानें दोनशें वर्षांचा फरक पडला. ज्याच्या चिठ्ठीवर नुसतें ‘अंबरनाथ, इ. स. ८६०’ एवढेंच असेल त्यास ही दुरुस्ती कोठें करावी हेंच समजणार नाहीं. ज्यानें अंक वेगळा व त्यावरून काढलेलें वर्ष वेगळें लिहिलें असेल त्याचें काम एका रेघेंत होईल.

काळाच्या कोपऱ्याविषयीं विशेष दक्षता ठेवावी. मूळांत जो सन असेल तोच आधीं लिहावा, इसवी मागाहून. माहुलीस शिवछत्रपतींच्या फौजेचा वेढा पडला व किल्लेदार मनोहरदास गौड यानें तो मोडून काढला, ही गोष्ट फेब्रुवारी १६७० मधील. किल्ला मराठ्यांनीं घेतला ती जून १६७० मधील. इसवी सन एकच. परंतु पहिली गोष्ट शके १५९१ मधील व दुसरी शके १५९२ मधील. शुहूर सनानें पाहिल्यास पहिली १०७०, सबैन अलफ, मधील व दुसरी मृगानंतरची म्हणून १०७१, इहिदे सबैन अलफ, मधील. केवळ इसवीवर चिठ्ठ्या लाविल्या तर जय आधीं व पराजय नंतर असा उलटा क्रम लागण्यास काय उशीर? आणि हे कागद दोन निराळ्या वर्षांच्या रुमालांत शोधावे लागतील, हेंहि ध्यानांत येणार नाहीं.

चिठ्ठ्या पुरेशा झाल्या म्हणजे त्या एका मोठ्या सतरंजीवर पसराव्या. आधीं काळानें लावून पाहाव्या. ऑक्टोबर १६३६: शहाजीराजे माहुलीस मोंगल व आदिलशाही फौजांच्या स्वाधीन होतात व निजामशाहीचा शेवट होतो. १६५८: किल्ला शिवरायांकडे. जून १६६५: पुरंदरच्या तहान्वयें मोंगलांस दिलेल्या तेवीस किल्ल्यांत माहुली. फेब्रुवारी व जून १६७०: वर सांगितलेल्या दोन गोष्टी. हा सांगाडा उभा राहिला कीं त्यांतील भोंकें दिसूं लागतात, आणि मांडणीचा खरा उपयोग हा आहे. १६५८ व १६६५ यांच्यामध्यें एकहि चिठ्ठी नसेल तर पुढचा शोध कोठें घ्यावयाचा तें आपोआप कळतें.

मग त्याच चिठ्ठ्या स्थळानें लावाव्या. तहाच्या यादींत माहुलीखेरीज भांडारदुर्ग हें नांव स्वतंत्र येतें. कालक्रमांत ही गोष्ट लपून राहते. स्थळक्रमांत ती वर येते, आणि ‘माहुली’ या शब्दानें एखादा कागद मधला दुर्ग समजतो कीं तीन्ही, हा प्रश्न उभा राहतो. शेवटीं त्या पक्षानें लावाव्या: फारसी तवारिखा एका ओळींत, मराठी शकावल्या व बखरी दुसरींत, इंग्रजांचीं पत्रें तिसरींत. जेथें दोन ओळी एक बोलतात तेथें निबंधांत एक वाक्य पुरें. जेथें त्या भांडतात तेथें परिच्छेद लागेल. अशा तीन मांडण्या झाल्या म्हणजे कोठें विस्तार व कोठें संक्षेप करावयाचा याचा निर्णय लेखणी उचलण्यापूर्वींच झालेला असतो.

निबंधाचा आराखडा करण्यास मीमांसकांचें अधिकरण उत्तम. विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष व निर्णय या पांच कागदांवर चिठ्ठ्या वांटून ठेवाव्या. पूर्वपक्षाच्या कागदावर एकहि चिठ्ठी पडली नाहीं तर आपण विरुद्ध पुरावा शोधलाच नाहीं, असें समजावें.

६. येथें एक आक्षेप संभवतो व तो पोकळ नाहीं. टांचणें करण्यांतच आयुष्य जातें. चिठ्ठ्यांस अंत नाहीं, आणि मनुष्यास आहे. आमच्या वयाच्या वाचकांस तर हा आक्षेप मनोमन पटेल. यावर उत्तर असें कीं वरील संस्थांची कामें पिढ्यांचीं होतीं, आपलीं तशीं नाहींत. म्हणून त्यांची पद्धति घ्यावी, प्रमाण घेऊं नये. थांबण्याची खूणहि सांगतां येते. नवीन येणाऱ्या चिठ्ठ्या जुन्याच कप्प्यांत जाऊन बसूं लागल्या व नवा कप्पा पाडण्याची गरज उरली नाहीं, म्हणजे संग्रह पुरे झाला; आतां लिहावें. त्यानंतरहि जो जमवीतच राहतो तो लेखन टाळतो आहे.

आणि सर्वच सामग्री निबंधांत घातली पाहिजे असें नाहीं. मिरजेच्या विद्यालयांत संस्कृत शिकवीत असतां वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनी दफ्तर चाळून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढला. त्यांत पत्रें कालक्रमानें लाविलीं असून प्रकरणाच्या आरंभीं हकीगत सलग सांगितली आहे. हकीगत वाचणारास पत्रांत अडखळावें लागत नाहीं व पत्रें तपासणारास हकीगतीवर विसंबावें लागत नाहीं. शाळा सांभाळून, संस्थानी गांवांत राहून, एका मनुष्यानें हें केलें. आपणांपैकीं पुष्कळांस याहून अधिक अनुकूलता आहे.

७. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास वारले. त्यांच्या संग्रहांत धातूंचें व शब्दांच्या व्युत्पत्तीचें प्रचंड टांचण होतें. त्यांतून मराठी धातुकोश १९३७ मध्यें व नामादिशब्दव्युत्पत्तिकोश १९४२ मध्यें, दोन्ही त्यांच्या पश्चात्, प्रसिद्ध झाले. अकरा व सोळा वर्षांनंतर दुसऱ्यांच्या हातून हे ग्रंथ निघूं शकले, याचें श्रेय संपादकांच्या परिश्रमास आहेच. पण तें टांचण दुसऱ्यास लागण्याजोगें होतें, यासहि आहे. ज्यांच्या घरीं आज टिपणांच्या पेट्या आहेत त्यांनीं निबंध पुरा होण्याची वाट न पाहतां एवढें तरी करावें: प्रत्येक पुडक्यावर त्याचा प्रश्न लिहावा, प्रत्येक चिठ्ठीवर आधार लिहावा, संक्षेपांची फोड एका कागदावर करून तो पेटीच्या झांकणास आंतून चिकटवावा, आणि ही पेटी पुढें कोणत्या संस्थेकडे जावयाची तें घरांत सांगून ठेवावें. या कामास दोन रविवार पुरतात.